गावाची शाळा, गावाचा कर

न्यूयॉर्क शहर, बफेलो, रॉचेस्टर, सिरॅक्यूज आणि याँकर्स ही पाच मोठी शहरे वगळली, तर न्यूयॉर्क राज्याच्या उरलेल्या जवळजवळ साऱ्या मुलुखात मे महिन्याचा तिसरा मंगळवार हा गावच्या शाळांच्या अंदाजपत्रकावर कौल देण्याचा दिवस असतो. बहुधा शाळेच्याच इमारतीत मतदानाची मांडामांड केलेली असते, आणि कामावर जातायेता लोक तेथे थांबून, येत्या वर्षासाठी आपल्या शाळांनी मांडलेला एकंदर खर्च मान्य आहे का या प्रश्नावर होय किंवा नाही असे मत नोंदवून जातात. त्याच मतपत्रिकेवर शाळा-मंडळाच्या रिकाम्या होणाऱ्या जागांसाठी उभ्या राहिलेल्यांची नावे असतात. एखाद्या वर्षी नव्या बसगाड्या घ्याव्यात की नाहीत, गळके छप्पर बदलण्यासाठी कर्जरोखे काढावेत की नाहीत, असे प्रश्नही त्याला जोडलेले असतात. अंदाजपत्रक नामंजूर झाले, तर जूनच्या तिसऱ्या मंगळवारी ते आहे तसे अथवा काटछाट करून पुन्हा लोकांपुढे ठेवण्याची मुभा मंडळाला असते. आणि दुसऱ्या खेपेसही नकारच पदरी आला, तर कायद्याने आखून दिलेल्या तुटपुंज्या अंदाजपत्रकावर वर्ष निभवावे लागते, आणि गतवर्षापेक्षा एक डॉलरही अधिक मालमत्ता-कर त्या वर्षी बसवता येत नाही. देशाचे लष्कर किती मोठे असावे, राजधानीच्या तिजोरीतून कोणत्या खात्याला किती द्यावे, हे ज्या सामान्य माणसाला कोणी कधी विचारीत नाही, त्याला शाळेच्या छपराविषयी विचारल्यावाचून मात्र पुढे जाता येत नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आणि या व्यवस्थेचे सारे दोष, जे थोडे नाहीत, पाहून झाल्यावरही तिचे मोल माझ्या मनात कमी होत नाही.

अमेरिकेतील स्कूल डिस्ट्रिक्ट ही नगरपालिकेची शाखा नव्हे आणि सरकारी शिक्षणखात्याचे कार्यालयही नव्हे. बहुतेक राज्यांत ती एका लहानशा संस्थानासारखी आपल्या पायावर उभी असते: तिच्या हद्दी निराळ्या, आणि त्या गावच्या वा परगण्याच्या हद्दींशी जुळतीलच असे नाही, तिचा कर निराळा, कर्ज निराळे, नोकरवर्ग निराळा आणि निवडणूकही निराळी. १९४० च्या सुमारास अशी एक लाख सतरा हजारांवर संस्थाने त्या देशात नांदत होती. त्यांपैकी असंख्य डिस्ट्रिक्टांचा सारा पसारा म्हणजे माळावरची एका खोलीची शाळा आणि एक शिक्षिका. आज ती संख्या तेरा हजारांच्या आसपास आली आहे. रस्ते सुधारले, शाळेच्या बसगाड्या खेडोपाडी धावू लागल्या, आणि चार वस्त्यांची मुले एका मोठ्या शाळेत आणणे शक्य झाले, तसतशी ही एकत्रीकरणाची क्रिया होत गेली. त्या बसगाडीचा प्रसिद्ध पिवळा रंगसुद्धा १९३९ साली न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात फ्रँक सायर या प्राध्यापकांनी भरवलेल्या परिषदेत मुक्रर झाला; पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात त्या रंगावरील काळी अक्षरे दुरून वाचता येतात, हे त्याचे कारण. एकत्रीकरणाने शाळांत प्रयोगशाळा आल्या, ग्रंथालये आली, विषयागणिक शिक्षक आले, हे खरे. पण ज्या वस्तीची शाळा उठली तिला आपले काही हिरावले गेले असे वाटले, हेही खरे, आणि कित्येक गावांनी आपली शाळा टिकवण्यासाठी वर्षानुवर्षे झुंज दिली.

मुळात ही सत्ता गावाच्या हाती आली कशी? अमेरिकेच्या संघराज्याच्या घटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही. जे घटनेने केंद्राकडे दिले नाही ते राज्यांचे, या न्यायाने शिक्षण राज्यांकडे राहिले, आणि राज्यांनी ते आपापल्या गावांवर सोपवले. परंतु घटनेच्याही आधी, मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६४७ साली कायदा करून पन्नास कुटुंबांच्या प्रत्येक गावाने लेखन-वाचन शिकवणारा शिक्षक नेमावा आणि शंभर कुटुंबांच्या गावाने विद्यापीठाची पूर्वतयारी करून घेणारी शाळा चालवावी, असे बंधन घातले होते. मुलांना धर्मग्रंथ स्वतः वाचता यावा, हा त्यामागील हेतू. पुढे १७८५ च्या जमीनविषयक कायद्याने पश्चिमेकडील अफाट प्रदेशाची मोजणी करताना सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असे चौकोन पाडले, प्रत्येकाचे छत्तीस भाग केले, आणि त्यांतील सोळा क्रमांकाचा भाग, म्हणजे ६४० एकर, सार्वजनिक शाळेच्या योगक्षेमासाठी राखून ठेवला. ती भूमी मूळच्या रहिवाशांकडून कोणत्या मार्गांनी घेतली गेली, हा इतिहास त्या चौकोनांच्या खाली दडलेला आहे आणि तो विसरता येणार नाही. तरीही वस्ती होण्यापूर्वीच नकाशावर शाळेचे इनाम तोडून ठेवणारे हे धोरण, जगाच्या शिक्षणेतिहासात मला असामान्य वाटते.

प्रत्यक्ष कारभार पाहावा तर तो मंडळाच्या सभेत. मंडळ बहुधा पाच, सात किंवा नऊ सभासदांचे; मुदत तीन-चार वर्षांची; बहुसंख्य ठिकाणी निवडणूक पक्षचिन्हावाचून होते, आणि लहान डिस्ट्रिक्टांत सभासदाला मानधन नाही अथवा नाममात्र. दंतवैद्य, शेतकरी, गृहिणी, विमा-एजंट अशी ही माणसे दिवसाचे काम आटोपून महिन्यातून एकदा-दोनदा शाळेच्या ग्रंथालयात वा सभागृहात एका लांब मेजामागे बसतात. समोर प्रत्येकाच्या नावाची पाटी, अध्यक्षांच्या हाताशी लाकडी हातोडी, आणि मेजाच्या एका टोकाला सुपरिंटेंडेंट. हा सुपरिंटेंडेंट म्हणजे मंडळाने करार करून नेमलेला आणि मंडळच बडतर्फ करू शकेल असा मुख्य कारभारी. धोरण मंडळाने ठरवावे आणि अंमल त्याने करावा, अशी वाटणी. ती रेघ रोजच्या व्यवहारात कुठे पुसट होते यावरून कित्येक डिस्ट्रिक्टांत कलह होतात. मागील सभेचा वृत्तांत कायम होतो. किरकोळ बाबी एकाच ठरावात मंजूर होतात. मग शिक्षक-संघटनेशी करावयाचा वेतनकरार, सुट्ट्यांचे वेळापत्रक, दुपारच्या जेवणाचा मक्ता, कोणत्या गल्लीची मुले कोणत्या शाळेत जावीत याची आखणी, असे एकेक प्रकरण पुढे येते. नागरिकांच्या मनोगताची वेळ ठरलेली. कोणीही नाव नोंदवून ध्वनिक्षेपकापाशी उभे राहावे आणि दोन-तीन मिनिटांत आपले गाऱ्हाणे मांडावे. कॅलिफोर्नियात १९५३ च्या कायद्यानुसार सभा खुली ठेवावी लागते, नियमित सभेची विषयपत्रिका बहात्तर तास आधी लावावी लागते, आणि तिच्यात नसलेल्या विषयावर, तातडीचे अपवाद सोडता, निर्णय घेता येत नाही. म्हणून ध्वनिक्षेपकापाशी एखादी आई कळवळून बोलली, तरी मंडळाला पुष्कळदा तेव्हाच्या तेव्हा काही उत्तर देता येत नाही. हे तिला निष्ठुर वाटत असेल. पण पडद्याआड होणाऱ्या निर्णयांपासून तिचे रक्षण करणारा नियमही हाच आहे.

निवडणुकीचे बळ मोठे, आणि मतदार थोडे. स्वतंत्र दिवशी होणाऱ्या या निवडणुकांत मतदान अनेकदा शेकडा दहाच्या आसपास घुटमळते, आणि मग संघटित असलेल्या कोणत्याही गटाला, मग तो शिक्षकांचा असो, करदात्यांचा असो की एखाद्या मतप्रणालीचा, अल्प मतांनी मंडळ हाती घेता येते. ज्यांना हा हक्क दीर्घकाळ मिळाला नाही, त्यांनी मात्र त्याची किंमत बरोबर ओळखली होती. अमेरिकेतील स्त्रियांना मताधिकार पुष्कळ ठिकाणी प्रथम मिळाला तो शाळेच्या कारभारापुरता: केंटकीत १८३८ साली ग्रामीण भागातील काही करदात्या विधवांना, कॅन्ससमध्ये १८६१ साली, मॅसॅच्युसेट्समध्ये १८७९ साली. त्या कायद्यानंतर कॉन्कर्ड गावी मतदार म्हणून नाव नोंदवणारी पहिली स्त्री होती कादंबरीकर्त्री लुइझा मे अल्कॉट, आणि १८८० च्या मार्चमध्ये गावसभेत शाळा-समितीसाठी मत देणाऱ्या वीस स्त्रियांत ती होती. संपूर्ण मताधिकारासाठी तिच्या देशाला आणखी चाळीस वर्षे लागली. हाच धागा आपल्या काळातही पुढे चालू आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी २०१६ साली ठराव करून, नागरिकत्व नसलेल्या पण शहरात राहून मुले वाढवणाऱ्या पालकांना शाळा-मंडळाच्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार दिला. तेथे व्हिसावर नोकरी करणाऱ्या एखाद्या मराठी आईला देशाचा अध्यक्ष निवडता येत नाही, परंतु आपल्या मुलाच्या शाळेचे मंडळ निवडता येते.

गावाच्या हाती सत्ता म्हणजे न्याय, असे मानणाऱ्याने व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड परगण्याची हकिकत वाचावी. गोऱ्या आणि काळ्या मुलांना एकत्र शिकवा, असा न्यायालयाचा हुकूम आला, तेव्हा १९५९ साली तेथील कारभाऱ्यांनी शाळांसाठी पैसाच मंजूर केला नाही, आणि १९६४ पर्यंत त्या परगण्यात सार्वजनिक शाळा नव्हती. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. काळ्या मुलांपैकी कित्येकांची वर्षे कायमची वाया गेली. करावरचा ताबा हे केवढे भयंकर शस्त्र होऊ शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

आणि तरीही त्याच दशकात टेक्सासमधील क्रिस्टल सिटीने उलट बाजू दाखवली. पालक या भाजीच्या पिकासाठी नाव असलेल्या या गावात बहुसंख्य वस्ती मेक्सिकन वंशाच्या शेतमजुरांची, पण शाळेत मान गोऱ्यांच्या मुलांना. खेळाच्या सामन्यांत संघाला प्रोत्साहन देणाऱ्या मुलींच्या पथकात मेक्सिकन मुलींना ठरावीक जागेपलीकडे प्रवेश नसे. या बाबीवरून सुरू झालेल्या तक्रारीतून डिसेंबर १९६९ मध्ये विद्यार्थ्यांनी शाळेवर बहिष्कार घातला. त्यांच्या आईबापांनी मतदार नोंदवले. आणि एप्रिल १९७० च्या निवडणुकीत होझे आंजेल गुतिएरेस हा पंचवीस वर्षांचा तरुण आपल्या दोन सहकाऱ्यांसह सात जणांच्या मंडळावर निवडून आला. मंडळात बहुमत पालटले, गुतिएरेस अध्यक्ष झाला, आणि दोन्ही भाषांतून शिक्षण तसेच मेक्सिकन वंशाच्या शिक्षकांच्या नेमणुका हे मंडळाच्या ठरावांचे विषय झाले. निदर्शनांनी जे मागितले ते मतपेटीने एका दिवसात हाती दिले.

परंतु मंडळ जिंकले म्हणजे तिजोरी भरली असे होत नाही. शाळांच्या खर्चाचा निम्म्याहून थोडा कमी भाग स्थानिक उत्पन्नातून, मुख्यतः घरे व जमिनी यांवरील करातून येतो, जवळजवळ तेवढाच राज्याकडून, आणि केंद्राचा वाटा सामान्य वर्षी दहाव्या हिश्श्याच्या आसपास. याचा अर्थ टेक्सासमधील सॅन अँटोनियो परिसरातील दोन डिस्ट्रिक्टांच्या १९६७-६८ च्या हिशेबात पाहावा. एजवुडमध्ये दर विद्यार्थ्यामागे करपात्र मिळकत ५,९६० डॉलरांची; आलमो हाइट्समध्ये ४९,००० डॉलरांहून अधिक. एजवुडच्या गरिबांनी शंभर डॉलरांस १ डॉलर ५ सेंट असा त्या भागातील सर्वांत चढा कर स्वतःवर बसवून घेतला, आणि राज्याच्या योजनेतील आपला ठरीव भाग भरल्यावर त्यातून विद्यार्थ्यामागे उरले २६ डॉलर. आलमो हाइट्सने ८५ सेंटांचा हलका कर लावला आणि त्यांना मिळाले ३३३ डॉलर. जास्त त्याग करणाऱ्याच्या पदरी कमी पडावे, यास स्थानिक स्वातंत्र्य म्हणणे मला कधीच पटलेले नाही.

आपल्याकडे मुंबई इलाख्यातही १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे गेले होते, आणि १९६२ साली महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ते जिल्हा परिषदांच्या हाती आले. जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीपाशी अमेरिकन मंडळाची सत्ता कधीच नव्हती. पण सधन तालुक्यातील आणि दुष्काळी तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची वेतनश्रेणी एकच राहिली, हे श्रेय आपल्या व्यवस्थेला द्यायलाच हवे. अमेरिकेत स्थायिक होणारे मराठी कुटुंब घर पाहताना आधी स्कूल डिस्ट्रिक्ट कोणती हे विचारते, आणि चांगल्या डिस्ट्रिक्टातील घरासाठी वाढीव किंमत मोजते. त्याच किमतीवर पुढे कर बसतो, आणि आधीच चांगली असलेली शाळा अधिक चांगली होते. आईबापांना दोष देता येत नाही. त्यांनी नियम केलेला नाही.

एजवुडच्या पालकांनी, डेमेट्रिओ रॉड्रिगेझ यांना पुढे करून, १९६८ साली दावा लावला. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फेटाळला. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असे बहुमताचे म्हणणे. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल हे एके काळी रिचमंडच्या शाळा-मंडळाचे अध्यक्ष होते. आणि कडाडून विरोधी मत देणारे थर्गुड मार्शल हे तेच वकील, ज्यांनी १९५४ साली गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळांबाबतचा, टोपेकाच्या शाळा-मंडळाविरुद्धचा ऐतिहासिक खटला जिंकला होता. एजवुड थांबले नाही. राज्याच्या न्यायालयांत राज्याच्या घटनेचा आधार घेऊन नवा दावा लागला, आणि १९८९ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने जुनी पद्धत घटनाबाह्य ठरवली. चार वर्षांनी झालेल्या कायद्यानुसार श्रीमंत डिस्ट्रिक्टांना आपल्या मालमत्ता-कराचा काही भाग राज्याच्या समाईक हिशेबात द्यावा लागतो. कर अजून गावच ठरवते आणि मंडळही गावच निवडते. पण त्या कराचा हिस्सा हद्दीबाहेर पाठवणाऱ्या डिस्ट्रिक्टांत आता आलमो हाइट्सही आहे.