राजाच्या तोंडी अमात्याची लेखणी

राजाने कसं वागावं, हे राजाला सांगायचं कुणी? सुमारे चार हजार वर्षांपूर्वी इजिप्तच्या लेखनिकांनी यावर युक्ती काढली. उपदेश स्वतःच्या नावाने करायचाच नाही, राजाच्याच तोंडी घालायचा. एका ग्रंथात मेरिकरे राजाला त्याचा बाप सांगतो, विधवेला छळू नकोस, बोलण्यात तरबेज हो. आपल्या कारकिर्दीत पवित्र थडग्यांची नासधूस झाली, याची कबुलीही तो देतो. राजा म्हणून जगत असताना असं कोण लिहून ठेवील? दुसऱ्या ग्रंथात अमेनेमहात राजा मुलाला कुणावर विसंबू नकोस म्हणून बजावतो. त्याच्यावर रात्री झोपेत हल्ला झालेला असतो. लेखनिकांच्या शाळांमधून हा ग्रंथ पोरं पुढे शतकानुशतकं गिरवत राहिली.

मराठीत याच्या अगदी जवळ जाणारा ग्रंथ म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखलं जाणारं आज्ञापत्र. साल १७१५. हुकूम निघतो करवीरच्या दुसऱ्या संभाजी महाराजांच्या नावाने, आणि महाराज तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचे! पंतांनी शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत काम केलेलं. राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा इकडचा मुलूख त्यांनीच सांभाळला होता. तेव्हा आज्ञा कुणाची आणि अनुभव कुणाचा, हे वेगळं सांगायला नको.

उपदेश कोरडा नाही. किल्ला बांधण्याआधी पाणी पाहा, एका झऱ्यावर विसंबून राहू नका, असं तो सांगतो. टोपीकर, म्हणजे युरोपियन व्यापारी, यांच्याविषयी तर फारच सावध. यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, यांना समुद्रकाठी किंवा खाडीच्या तोंडाशी वखारीला जागा देऊ नये, असा इशारा आहे. आमचं उमरेड ज्या नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होतं, ते राज्य याच टोपीकरांनी १८५४ साली खालसा केलं.

उमरेडपासून समुद्र शेकडो कोस दूर, तरी मला आरमाराचंच प्रकरण सर्वांत जवळचं वाटतं. आमचा मुलूख सागाचा, लाकडाचा मोह काय असतो हे इथे सांगावं लागत नाही. जहाजांना लाकूड हवं. त्यासाठी सागासारखी झाडं परवानगीने तोडावीत. पण आंबा नि फणस? लाकूड कामाचं असलं तरी त्यांना हात लावायचा नाही. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. ती तोडली तर त्या दुःखाला पार राहत नाही, आणि रयतेला पीडा दिल्याचा दोष राजाकडे येतो.

हा मजकूर अनेकदा शिवाजी महाराजांचं पत्र म्हणून फलकांवर रंगवलेला दिसतो. विचार त्यांच्या तालमीतला, यात शंका नाही. पण मजकूर आज्ञापत्रातला आहे, महाराजांच्या निधनानंतर पस्तीस वर्षांनी लिहिलेला. शिवाय फलकावर एक गोष्ट सहसा येत नाही. झाड जीर्ण होऊन निकामी झालं असेल तर ते घेता येतं, पण तेव्हाही आधी धन्याला राजी करायचं आणि त्याला पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडायचं. जबरदस्ती तेव्हाही नाही.