पेनड्राइव्हएवढा रेडिओ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पेनड्राइव्हएवढं एक डोंगल, लोहचुंबकाच्या बुडावर उभी राहणारी वीतभर अँटेना आणि एक ओटीजी केबल. एवढं साहित्य अँड्रॉइड फोनला जोडलं, सोबतीला एक अ‍ॅप टाकलं की फोनचा रेडिओ होतो. ऑनलाइन बाजारात ही वस्तू ‘आरटीएल-एसडीआर’ नावाने मिळते आणि साधी आवृत्ती शाळकरी मुलाच्या खाऊच्या पैशांतून साठवून घेता येईल इतकी स्वस्त असते. तिच्याबद्दलच्या अपेक्षा मात्र फार मोठ्या असतात आणि त्यातल्या बऱ्याच चुकीच्या असतात.

गैरसमज: हे डोंगल खास रेडिओसाठी बनवलं आहे.

वस्तुस्थिती: त्याचा जन्म टीव्हीसाठी झाला. तैवानच्या रिअलटेक कंपनीची ‘आरटीएल२८३२यू’ ही चिप संगणकावर युरोपातलं डिजिटल टीव्ही प्रसारण पाहण्यासाठी होती. ही चिप हवेतल्या लहरींचे कच्चे नमुने जसेच्या तसे संगणकाकडे पाठवू शकते, हे फिनलंडचे लिनक्स प्रोग्रामर अँटी पालोसारी यांच्या २०१२ मध्ये ध्यानात आलं. ओस्मोकॉम या मुक्त प्रकल्पातल्या मंडळींनी त्यासाठी ड्रायव्हर लिहिला आणि जगभरच्या हौशी लोकांच्या हाती नवं साधन आलं. जुन्या रेडिओत स्टेशन निवडणं, आवाज वेगळा काढणं ही कामं तारांची वेटोळी आणि कपॅसिटर करत. इथे ती फोनमधलं सॉफ्टवेअर करतं.

गैरसमज: मग भारतात फोनवर फुकट टीव्हीही दिसेल.

वस्तुस्थिती: खोक्यावर टीव्हीचं चित्र असलं तरी नाही. ही चिप डीव्हीबी-टी पद्धतीची आहे. दूरदर्शनचं जमिनीवरून होणारं डिजिटल प्रसारण डीव्हीबी-टी२ या पुढच्या पद्धतीचं आहे आणि जुन्या चिपला ते उलगडता येत नाही. टीव्हीसाठी म्हणून ही वस्तू घेणाऱ्याचे पैसे वाया जातील.

गैरसमज: डिजिटल रेडिओ म्हणजे फक्त डिजिटल प्रसारण ऐकू येणार, तेही इंटरनेटवरून.

वस्तुस्थिती: एकदा अ‍ॅप उतरवून घेतलं की इंटरनेट लागतच नाही. लहरी थेट हवेतून येतात, त्यामुळे फोन विमान मोडमध्ये असला तरी एफएम वाजतं. एफएमचं प्रसारण ॲनालॉगच असतं, डिजिटल असते ती त्यावरची प्रक्रिया. डोंगल सेकंदाला साधारण २४ लाख नमुने घेतं, म्हणजे एका वेळी सुमारे २.४ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा पडद्यावर दिसतो. मुंबईत ९२ मेगाहर्ट्झच्या आसपास लावलं तर ९१.१ आणि ९२.७ ही दोन्ही स्टेशनं शेजारी-शेजारी उजळ पट्ट्यांसारखी उतरताना दिसतात. गाणं जोरात असेल तेव्हा पट्टा रुंदावतो, निवेदक श्वास घ्यायला थांबला की आक्रसतो. ऐकू येणारा कार्यक्रम असा डोळ्यांनी पाहायला मिळणं हा या खटाटोपातला मोठा आनंद आहे.

आकाशवाणीच्या मध्यम लहरी मात्र या साध्या डोंगलच्या टप्प्याबाहेर राहतात. त्यातल्या आर८२०टी ट्यूनरचा पल्ला साधारण २४ ते १,७६६ मेगाहर्ट्झ; पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर, म्हणजे एका मेगाहर्ट्झच्याही खाली आहे. आकाशवाणीच्या अनेक मध्यम लहरी केंद्रांवरून होणारं डीआरएम हे डिजिटल प्रसारणही त्याच पट्ट्यात असल्याने तेही यावर मिळत नाही. त्यासाठी खालचा पट्टा पकडणारी सुधारित आवृत्ती घ्यावी लागते, आणि डीआरएम उलगडणारं सॉफ्टवेअरही लागतं.

गैरसमज: याने लोकांचे फोन चोरून ऐकता येतात.

वस्तुस्थिती: मोबाइलवरचं संभाषण कूटबद्ध असतं. डोंगलला लहर दिसली तरी त्यातून बोलणं निघत नाही. आणि तसा प्रयत्न करणंही धोक्याचं आहे: दूरसंचार अधिनियम २०२३ नुसार बेकायदा संदेश अडवणं हा गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सार्वजनिक प्रसारण ऐकावं, इतरांच्या खासगी संदेशांच्या वाटेला जाऊ नये.

गैरसमज: यावरून बोलताही येतं.

वस्तुस्थिती: हे फक्त ऐकतं, प्रसारणाची सोयच त्यात नाही. बोलायची हौस असेल तर हॅम रेडिओची परीक्षा देऊन सरकारी परवाना घ्यावा लागतो. परीक्षेच्या तयारीत हे डोंगल मात्र कामी येतं, कारण कंप्रता, बँडविड्थ, मॉड्युलेशन या संकल्पना पडद्यावर समोर दिसतात.

गैरसमज: ऐकू नीट येत नाही म्हणजे डोंगल खराब.

वस्तुस्थिती: दहातल्या नऊ तक्रारी अँटेनाच्या आणि जागेच्या निघतात, असं हौशी मंडळी सांगतात, आणि त्यामागे भौतिकशास्त्र आहे. पाव तरंगलांबीची अँटेना चांगली चालते, आणि तिची मीटरमधली लांबी ७५ ला मेगाहर्ट्झने भागून मिळते. १०० मेगाहर्ट्झच्या एफएमला त्यामुळे ७५ सेंटिमीटर तार हवी, तर विमानं आपलं स्थान ज्या १,०९० मेगाहर्ट्झवर सांगतात तिथे सात सेंटिमीटरही पुरतात. सोबत आलेली वीतभर अँटेना एफएमसाठी आखूडच पडते. शिवाय या लहरी बव्हंशी सरळ रेषेत जातात, म्हणून सिंहगडासारख्या उंचीवर प्रसारण मनोरा उभा केला जातो. ऐकणाऱ्यानेही तेच करावं: खोलीच्या कोपऱ्यापेक्षा बाल्कनी बरी, बाल्कनीपेक्षा गच्ची. स्वस्त एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर खरखर वाढवतात. ते बंद करून पाहिलं की फरक लगेच कळतो.

गैरसमज: हवामान उपग्रहांची चित्रं कोणत्याही जुन्या मार्गदर्शिकेनुसार घेता येतात.

वस्तुस्थिती: जुन्या मार्गदर्शिका अमेरिकेच्या नोआ-१५, १८ आणि १९ या उपग्रहांवर लिहिलेल्या आहेत. १३७ मेगाहर्ट्झवर चित्रं पाठवणारे हे तिन्ही उपग्रह २०२५ मध्ये सेवेतून निवृत्त झाले. आता त्याच पट्ट्यात रशियाचे मेटिऑर-एम मालिकेतले उपग्रह डिजिटल पद्धतीने चित्रं पाठवतात. त्यांच्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

गैरसमज: कोणताही फोन चालेल.

वस्तुस्थिती: फोनला ओटीजी हवं. डोंगल फोनच्याच बॅटरीवर चालतं, साधारण ३०० मिलीअँपिअर खेचतं आणि हाताला गरम लागतं, त्यामुळे फोन भरभर उतरतो. बाहेरून वीज देणारी केबल सोबत असेल तर हा प्रश्न सुटतो. आयफोनला ते थेट जोडून चालत नाही; डोंगल संगणकाला लावून वाय-फायवरून ऐकण्याची वाट उरते.

विकत घेताना वर्णनात ‘आरटीएल२८३२यू’ आणि ‘आर८२०टी२’ ही दोन्ही नावं आहेत का, हे पाहावं. फक्त ‘यूएसबी टीव्ही’ लिहिलेल्या डोंगलमध्ये भलतीच चिप निघू शकते. अँड्रॉइडवर ‘एसडीआर टच’ किंवा ‘आरएफ अ‍ॅनालायझर’ ही अ‍ॅप आणि त्यांना लागणारा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवावा. पहिल्यांदा लावायचं ते आपल्या गावातलं सगळ्यात जोरदार एफएम स्टेशन: ते स्वच्छ आलं की डोंगल, केबल आणि फोन तिन्ही ठीक आहेत हे पक्कं होतं, आणि पुढची मेहनत अँटेनावर घ्यायला मोकळीक मिळते.