२६ लाख नावं आणि एक सातबारा

‘लाडकी बहीण’ योजनेतल्या २६ लाख ३४ हजार जणांचे हप्ते जून २०२५ पासून थांबवले, असं महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितलं. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या होती १२ लाख ३३४. तुमसरपासून लाखांदूरपर्यंतचे सातही तालुके, तान्ह्या पोरांसकट, या यादीत दोनदा मावतील आणि वर सव्वादोन लाख जागा उरतील. सेकंदाला एक नाव वाचलं तरी यादी संपायला अख्खा महिना लागेल, तोही न झोपता.

महिन्याचे १५०० म्हणजे पाचशेच्या तीन नोटा. थांबलेल्या नोटा टोकाला टोक लावून समृद्धी महामार्गावर अंथरल्या, तर नागपूर ते मुंबई हे ७०१ किलोमीटर पुरं होऊन परतीची दोन तृतीयांश वाटही झाकली जाते. दर महिन्याला! वर्षाचे झाले ४,७४१ कोटी. पण राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्पच सुमारे ७ लाख कोटींचा. त्याच्या शंभर रुपयांतले हे ६८ पैसे.

सरकार म्हणतं, आम्ही अपात्रच वगळले: दुसऱ्या योजनेचा लाभ घेणारे, एका घरातले दोनपेक्षा जास्त, काही तर चक्क पुरुष. विरोधक म्हणतात, मतं मिळाली, गरज सरली. नियम २०२४ चेच आहेत, हे खरं. पण विधानसभेच्या मतदानाआधी चाळणी लावायची कोणाची छाती होती? एकेका मताची किंमत इतकी, की साकोलीत काँग्रेसचे नाना पटोले अवघ्या २०८ मतांनी तरले. आणि चाळणीवर बोट ठेवणाऱ्या विरोधी महाविकास आघाडीने तरी जाहीरनाम्यात तीन हजारांचाच शब्द दिला होता.

मला खटकते ती दुसरी, कमी गाजलेली कपात. पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून वर्षाला १२ हजार, म्हणजे महिन्याला हजार. ज्या बाईला ते मिळतात तिला ‘लाडकी बहीण’चे उरलेले ५०० च. अशा ७ लाख ७४ हजार जणी. आता धानाची बांधी असलेलं एखादं घर घ्या. सातबारा नवऱ्याच्या नावावर असेल तर त्याला हजार आणि तिला १५००, घरात अडीच हजार. तोच सातबारा तिच्या नावावर असेल तर घरात दीड हजार. जमीन तीच, रोवणीला वाकणारी कंबरही तीच, पण वर्षाला १२ हजार कमी. बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवली. तिचं ऐकणाऱ्या घरालाच हा भुर्दंड. यात लबाडी कोणाचीच नाही, म्हणून ओरडही नाही.

बाकी राहिलं १५०० चे २१०० करण्याचं सत्ताधारी महायुतीचं निवडणुकीतलं आश्वासन. सव्वादोन कोटी जणींना वाढीव ६०० द्यायचे तर वर्षाला १६,२०० कोटी लागतील. २६ लाखांचे थांबवलेले सगळे पैसे त्यात ओतले तरी तीस टक्केही भरत नाहीत.