जागरण मोजायचं कसं?

दिवाळी आली की आम्हा इंदूरकरांच्या घरी फोन येतात, "आई, शुक्रवारी ऑफिस सुटलं की पुण्याहून निघतो. रात्रभर गाडी चालवली की सकाळी घरी!" दारू प्यायलेला चालक नळीत फुंकर मारताच सापडतो. न झोपलेला कसा सापडणार, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

काही संशोधकांनी त्याचं उत्तर माणसाच्या उभं राहण्यात शोधलं. आपण स्थिर उभे असतो तेव्हाही शरीर किंचित डोलत असतं. डोळे, अंतर्कर्ण आणि पायांचे स्नायू मेंदूला खबर देत राहतात आणि मेंदू तोल सावरतो. जागरण झालं की हे सावरणं ढिलं पडतं, डोलणं वाढतं. पायांखालचा दाब नोंदवणाऱ्या फलकावर ते मोजता येतं. हेलसिंकी विद्यापीठात त्यावरून माणूस किती तास जागा आहे, याचा अंदाज बांधून पाहिला गेला. पण प्रत्येकाचं डोलणं वेगळं असतं. म्हणून झोप पुरी झालेली असतानाची स्वतःची नोंद तुलनेला लागते.

घरी गंमत म्हणून करून बघा. पाय जुळवून, डोळे मिटून तीस सेकंद उभे राहा, एकदा छान झोपेनंतर आणि एकदा जागरणानंतर. शेजारी कोणीतरी हवंच. मात्र तोल गेला नाही म्हणजे गाडी चालवायला हरकत नाही, असा अर्थ काढू नका.

कारण जागरणाचा हिशेब कडक आहे. ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी 1997 मध्ये दाखवलं की, सलग 17 तास जागं राहिल्यावर हाता-डोळ्यांचा मेळ रक्तात 0.05 टक्के मद्य असल्याइतका बिघडतो. आपल्या कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे! सकाळी 6 ला उठलेल्याचे 17 तास रात्री 11 ला भरतात. तेव्हा गाडी नाशिकच्या आसपास असते. धुळे आणि सेंधव्याचा घाट अजून पुढेच असतो.

म्हणून आमच्या घरी आता नियम आहे: शुक्रवारी रात्री झोपायचं, शनिवारी उजाडल्यावर निघायचं. वाटेत डोळे जड झाले, तर सुरक्षित जागी गाडी थांबवून वीस मिनिटं डुलकी घ्यायची. खिडकी उघडून किंवा गाणी मोठ्यानं लावून झोपेची भरपाई होत नाही. मुलांनो, एवढं आमचं ऐकाच.