कष्टाच्या शरीरातील सिलिकॉन

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांच्या संदर्भात स्तनरोपणाचा, म्हणजे स्तनाच्या जागी त्वचेखाली किंवा स्नायूखाली बसवल्या जाणाऱ्या सिलिकॉनच्या पिशवीचा, विचार करावयाचा झाल्यास तो प्रामुख्याने स्तनाच्या कर्करोगाच्या वाटेनेच करावा लागतो. शहरांतील सौंदर्यचिकित्सालयांत हे रोपण आकार वाढवण्यासाठी केले जाते. या तालुक्यांतील डोळखांब, किन्हवली, टोकावडे किंवा धसईच्या स्त्रीपुढे ते आलेच तर गाठीमुळे स्तन काढावा लागल्यानंतरची एक शक्यता म्हणून येते, आणि पुष्कळदा तसेही येत नाही, कारण शेतावर राबणाऱ्या, पन्नाशीला टेकलेल्या बाईला ‘आता या वयात ते कशाला’ हे उत्तर तिच्या वतीने दुसऱ्याच कोणीतरी देऊन टाकलेले असते. हे उत्तर जितके अन्यायाचे, तितकीच रोपणामुळे गेलेला स्तन परत मिळतो ही समजूतही फसवी आहे. रोपणाविषयीचे बहुतेक लेखन आरशापुढे उभ्या असलेल्या स्त्रीला उद्देशून झालेले असल्यामुळे, विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या स्त्रीला त्यातून हाती फारसे काही लागत नाही.

भारतात २०२२ साली स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. ग्रामीण भागात या रोगाचे प्रमाण शहरांपेक्षा कमी असते, परंतु निदान उशिरा होते. तीस वर्षांवरील स्त्रियांची स्तनतपासणी आता शासकीय कार्यक्रमाचा भाग असून आशाताई घरोघरी जाऊन माहिती भरून घेतात. प्रशिक्षित कर्मचाऱ्याने केवळ हातांनी केलेल्या अशा तपासणीचा उपयोग होतो, हे टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या, दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या दीर्घ अभ्यासाने दाखवून दिले. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा पन्नाशीपुढील स्त्रियांमधील या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. गाठ लहान असतानाच सापडली तर संपूर्ण स्तन काढण्याची गरज अनेकदा उरत नाही, आणि मग रोपणाचा प्रश्नच उद्भवत नाही.

येथे मात्र भूगोल आडवा येतो. केवळ गाठ आणि तिच्याभोवतीचा भाग काढून स्तन राखला, तरी आयुर्मानात फरक पडत नाही, हे अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उम्बेर्तो व्हेरोनेसी यांच्या अभ्यासांनी सिद्ध केले असून दोहोंचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. परंतु स्तन राखल्यास बहुतेक स्त्रियांना पुढे किरणोपचार, म्हणजे रुग्णांच्या बोलण्यातला ‘शेक’, घ्यावा लागतो, आणि तो आठवड्यातून पाच दिवस, सलग काही आठवडे चालतो. शहापूर तालुक्यातील कसारा ते मुंबई हे लोहमार्गाचे अंतर सुमारे १२० किलोमीटर आहे. मुरबाडला तर रेल्वेच नाही, तेथून एसटीने कल्याण गाठावे लागते. रोज परळला टाटा रुग्णालयात जाऊन परत येणे अशक्य, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात जागा मिळेल याची खात्री नाही, आणि घरी गुरे व मुले. अशा परिस्थितीत ‘एकदाच काय ते काढून टाका’ हा निर्णय वैद्यकापेक्षा वेळापत्रकाचा असतो. शेकाचा कालावधी पाच आठवड्यांवरून तीनवर आणता येतो हे ब्रिटनमधील अभ्यासांनी दाखवले आहे, आणि २०२० मध्ये तर योग्य रुग्णांसाठी एका आठवड्यात पाच मात्रांचा पर्यायही समोर आला आहे. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी ‘शेक किती दिवसांचा’ हा प्रश्न विचारणे दूरच्या गावातील स्त्रीच्या दृष्टीने अत्यंत मोलाचे आहे, कारण त्याच्या उत्तरावर तिचा स्तन वाचणे न वाचणे अवलंबून असू शकते.

सिलिकॉनच्या रोपणाचा इतिहास १९६२ पासून सुरू होतो. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो या शल्यविशारदांनी पहिले रोपण केले. १९९२ मध्ये तेथील औषध प्रशासनाने सौंदर्यासाठीच्या सिलिकॉन रोपणांवर निर्बंध घातले, ते २००६ मध्ये उठले. फ्रान्समधील एका कंपनीने औद्योगिक दर्जाचे सिलिकॉन भरून रोपणे विकल्याचे २०१० मध्ये उघडकीस आले आणि कंपनीच्या संस्थापकाला पुढे तुरुंगवास झाला. खरखरीत पृष्ठभागाच्या काही रोपणांभोवती एक दुर्मीळ लसिका-कर्करोग आढळल्यामुळे २०१९ मध्ये त्या बनावटीची रोपणे जगभरातून मागे घेण्यात आली. हा सारा इतिहास भीती घालण्यासाठी नव्हे, तर रोपण ही आयुष्यभराची वस्तू नसून कालांतराने बदलावी किंवा काढावी लागू शकणारी वस्तू आहे, एवढे लक्षात ठेवण्यासाठी उपयोगी आहे.

रोपण शरीरात असणे म्हणजे प्रत्यक्षात काय, याचे उत्तर देताना प्रथम संवेदनेचा विचार करावा लागतो. स्तन काढताना त्वचेकडे जाणाऱ्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे उभारलेल्या स्तनाला आकार असतो, स्पर्श बहुधा नसतो किंवा अगदी अंधुक असतो. छातीवर घट्ट पट्टा आवळल्यासारखे वाटते, आणि हे वाटणे काही स्त्रियांत महिनोन्‌महिने टिकते. सिलिकॉनला स्वतःचा रक्तपुरवठा नसल्यामुळे थंडीत ती बाजू गार पडते आणि शरीराच्या इतर भागापेक्षा उशिरा ऊब धरते. माळशेज घाटाच्या पायथ्याच्या गावांत पौषातल्या पहाटे हे विशेष जाणवावे. बधिर त्वचेचा खरा धोका मात्र थंडीचा नसून चुलीचा आहे, कारण शेकायला बसताना किंवा उकळत्या पाण्याचे पातेले छातीशी धरून उतरवताना त्या जागी भाजले तरी कळत नाही, फोड आलेला दिसतो तेव्हाच कळते. गरम पाण्याची पिशवीही त्या बाजूला ठेवू नये.

रोपण छातीच्या मोठ्या स्नायूखाली बसवलेले असेल तर तो स्नायू आवळताच स्तन वर किंवा बाजूला सरकतो. कार्यालयात बसणाऱ्या स्त्रीला हे क्वचित लक्षात येईल, पाट्यावर वरवंटा ओढणारीला किंवा भाताचा भारा उचलणारीला दिवसातून अनेकदा जाणवेल. अलीकडे अनेक ठिकाणी रोपण स्नायूच्या वर, लगेच त्वचेखाली बसवण्याची पद्धत आहे. तीत ही हालचाल टळते, परंतु त्वचा पुरेशी जाड असावी लागते. याखेरीज शरीर कोणत्याही परक्या वस्तूभोवती तंतूंचे आवरण तयार करते, आणि हे आवरण आकुंचन पावू लागले की स्तन कठीण, विद्रूप आणि शेवटी दुखरा होतो. किरणोपचार झालेल्या छातीत असे होण्याची शक्यता बरीच वाढते, हे रोपणाचा निर्णय घेण्यापूर्वीच सांगितले गेले पाहिजे. त्वचा ताणून जागा करण्यासाठी आधी फुग्यासारखी रिकामी पिशवी ठेवून तिच्यात दर एक-दोन आठवड्यांनी सलाइन भरण्याची पद्धत असेल, तर प्रत्येक भरणीसाठी एक फेरी, एक बुडालेली मजुरी आणि दोन दिवसांचा ठणका हा हिशेबही त्यात धरावा लागतो.

परकी वस्तू नको असेल तर स्वतःच्याच शरीरातील मांस आणि त्वचा वळवून स्तन उभारता येतो. रक्तपुरवठा कायम ठेवून त्वचा एका जागेवरून दुसरीकडे वळवण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक पुण्यात एका स्थानिक कारागिराने कपाळाची त्वचा वळवून उभारले, आणि त्याचा वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आल्यावर युरोपातील शल्यविशारदांनी ती पद्धत उचलली. स्तनासाठी मात्र पाठीचा रुंद स्नायू किंवा पोटाचा भाग घेतला जातो, आणि नेमका येथेच कष्टाच्या शरीराचा प्रश्न उभा राहतो. पाठीचा हा स्नायू हात खाली आणि मागे ओढण्याचे काम करतो, म्हणजे विहिरीतून पोहरा शेंदणे, कोयत्याने फांद्या तोडणे, गवताचा भारा खाली खेचणे ही त्याचीच कामे. इतर स्नायू त्याची उणीव बरीचशी भरून काढतात, परंतु शहरातील स्त्रीला न जाणवणारी कमतरता लाकूडफाट्यावर चूल पेटवणाऱ्या स्त्रीला जाणवू शकते. पोटाचा स्नायू घेतल्यास पोटाची भिंत दुबळी होते आणि आवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकून भाताची रोपे लावणाऱ्या बाईला ते परवडणारे नाही. स्नायू न घेता केवळ त्वचा, चरबी आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या घेण्याची पद्धत अधिक चांगली, पण तिला कित्येक तास आणि सूक्ष्मशल्यक्रियेत तरबेज हात लागतात. त्यामुळे ‘कोणती पद्धत उत्तम’ या प्रश्नाला सर्वांसाठी एक उत्तर नाही, आणि शल्यविशारदाने वयाच्या आधी काम विचारले तर बरे, असे म्हणणे भाग आहे.

स्तनाच्या चर्चेत हात नेहमी मागे राहतो. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतील लसिकाग्रंथी, म्हणजे शरीरातील पाझरणारा द्रव गाळून पुढे नेणाऱ्या गाठी, काढल्या गेल्यास त्या बाजूच्या हातात द्रव साचून तो सुजू शकतो. ही सूज कधी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी येते आणि दुर्लक्ष झाल्यास कायमची राहते. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, ही विसंगती नेहमी पाण्याच्या राजकारणात मांडली जाते. स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीच्या बाबतीत ती थेट वैद्यकीय बाब ठरते, कारण डोक्यावर दोन हंडे आणि कमरेवर कळशी घेणाऱ्या हाताला ‘वजन उचलू नका’ हा सल्ला निरर्थक आहे. सुदैवाने तो सल्ला आता शास्त्रालाही मान्य नाही. २००९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की देखरेखीखाली, हळूहळू वाढवत नेलेले वजन उचलल्याने सूज बळावत नाही. म्हणून साधारणतः पहिला दीड महिना जड ओझे टाळावे, खांद्याचे व्यायाम शिकवल्याप्रमाणे रोज करावेत, आणि पुढे अर्ध्या कळशीपासून सुरुवात करून वजन क्रमाने वाढवावे. विळ्याने कापणे, काटा रुतणे, चिखलात बोटांमध्ये कुजणे यांतून होणारा जंतुसंसर्ग हा त्या हाताचा मोठा शत्रू असल्यामुळे कापणीच्या वेळी हातमोजा घालणे आणि हात लाल व गरम झाल्यास त्याच दिवशी उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालय गाठणे हे अधिक महत्त्वाचे आहे.

रोपण नको असलेल्या किंवा शक्य नसलेल्या स्त्रियांसाठी बाहेरून वापरण्याचे कृत्रिम स्तन आहेत, आणि ते दुय्यम दर्जाचे मानण्याचे कारण नाही. सिलिकॉनचा बाह्य स्तन वजनाला खऱ्यासारखा असतो, परंतु वैशाखात घामाने त्याखाली पुरळ उठते. सुती किंवा विणलेला हलका असतो, धुता येतो, पण हात वर करताच वर सरकतो. ब्लाउजला आतून सुती खिसा शिवून घेतला आणि कापसाच्या गादीच्या तळाशी धान्याची छोटी पुरचुंडी ठेवली तर तो जागेवर राहतो, आणि हे काम गावातला कोणताही शिंपी करू शकतो. दोन्ही अंगांनी वजन सारखे राहिल्यास खांदा एका बाजूला झुकण्याची सवयही कमी लागते. काही स्त्रिया यापैकी काहीच न वापरता पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतात. तोही निर्णयच आहे, मात्र तो माहिती मिळाल्यानंतर घेतलेला असावा.

रोपण करून घेतलेल्या स्त्रीने रुग्णालयातून निघताना रोपणाची बनावट, आकार आणि क्रमांक असलेले कार्ड मागून घ्यावे आणि ते आधारकार्डासोबत जपावे, कारण एखादी बनावट मागे घेतली गेली तर तेवढाच पुरावा हाती असतो. पिशवी आतल्या आत फाटली तरी अनेकदा काहीच जाणवत नाही, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा वर्षांनी आणि त्यापुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करण्याचा सल्ला दिला आहे. ही तपासणी कोठे आणि किती खर्चात होईल, हे शस्त्रक्रियेपूर्वीच विचारून ठेवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रियेबरोबर पुनर्रचनेचा खर्च बसतो की नाही, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून लेखी घ्यावे. फेरतपासणीसाठी कसारा लोकलने जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला दिव्यांगांच्या डब्यातून प्रवास करण्याची मुभा आहे. रुग्णालयाचे कागद मात्र सोबत असावेत.