कुठले जोशी?

अमेरिकन शोधनिबंधाच्या शेवटच्या पानांवर संदर्भांतली नावे फार आखडून छापलेली असतात. आधी आडनाव, मग नावाचे एखादे अक्षर : ‘जोशी, ए.’ किंवा ‘जोशी, एस.’ एवढेच. आपल्याकडे जोशी म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, कुठले जोशी? मग गाव, वडिलांचे नाव, नोकरी, सोयरीक अशी विचारपूस होते आणि चार प्रश्नांत माणूस नेमका सापडतो. अमेरिकेतली ग्रंथालये आणि संशोधनाच्या सूची चालवणाऱ्या संस्था हीच विचारपूस पद्धतशीरपणे करतात. ती कशी चालते, हे महाराष्ट्राशी नाते असलेल्या आणि अमेरिकेत शिकलेल्या किंवा तिथेच काम केलेल्या पाच जोशांच्या उदाहरणांवरून पाहू.

पाच जोशी, पाच विषय

पहिल्या आनंदीबाई. १८८६ साली त्या फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून एम.डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. दुसरे अरविंद जोशी. जन्म पुण्याचा, १९२९ चा. त्याच फिलाडेल्फियात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी १९६० मध्ये विद्युत अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवली आणि पुढे आयुष्यभर काम केले ते भाषा आणि संगणक यांवर. वाक्यांच्या रचनेचे वृक्ष एकमेकांत बसवून मोठे वाक्य कसे तयार होते, हे सांगणारे त्यांचे व्याकरण लेव्ही आणि ताकाहाशी यांच्यासह १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले.

तिसरे चंद्रशेखर जोशी, १९५३ साली वाईला जन्मलेले. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ते प्लाझ्मावर संशोधन करतात. प्लाझ्मात लाट उठवून तिच्यावर इलेक्ट्रॉनांना वेग द्यायचा, हा त्यांचा विषय. चौथे एस. टी. म्हणजे सुनंद त्र्यंबक जोशी. पुण्यात १९५८ मध्ये जन्मले, लहानपणीच अमेरिकेत गेले आणि भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्टचे सर्वांत नावाजलेले अभ्यासक झाले. त्यांनी लिहिलेले लव्हक्राफ्टचे चरित्र १९९६ मध्ये निघाले. पाचवे एस. डी. म्हणजे शिवराम दत्तात्रय जोशी. हार्वर्डमधून डॉक्टरेट घेऊन पुण्यात परतलेले हे संस्कृत वैयाकरण रूडबर्गेन यांच्यासह पतंजलीच्या महाभाष्याच्या इंग्रजी भाषांतरासाठी ओळखले जातात.

आता हे पाचही जण आखडलेल्या रूपात लिहून पाहा. आनंदीबाई आणि अरविंद दोघेही ‘जोशी, ए.’ होतात. सुनंद आणि शिवराम ‘जोशी, एस.’ होतात. प्रसूतिशास्त्र आणि संगणकीय भाषाशास्त्र, भयकथा आणि पाणिनीय व्याकरण एकाच ओळीत येऊन बसतात. त्यात मराठी नावांची भर मोठी, कारण ‘अ’ आणि ‘स’ ही आपली आवडती आद्याक्षरे. शिवाय जोशी काही फक्त मराठी नाहीत, गुजरात, कुमाऊँ आणि नेपाळमधूनही जोशी अमेरिकेत पोचले आहेत.

नावे आखडली कशी?

यामागे कागदाची काटकसर होती. छापील सूचीत हजारो लेखक बसवायचे, तर प्रत्येकाच्या नावाला फार तर अर्धी ओळ मिळणार. पुढे पंचकार्डे आणि सुरुवातीचे संगणक आले, त्यांनाही जागेची चणचण होतीच. कोणत्या निबंधाने कोणत्या निबंधाचा संदर्भ दिला हे दाखवणारा ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ यूजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये बाजारात आणला, तोही फिलाडेल्फियातूनच. गारफील्ड यांनी १९६१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातच झेलिग हॅरिस यांच्या भाषाशास्त्र विभागातून डॉक्टरेट घेतली होती आणि अरविंद जोशी १९५८-५९ मध्ये हॅरिस यांच्याच प्रकल्पात वाक्यांचे विश्लेषण करणाऱ्या संगणक-प्रणालीवर काम करत होते. वैद्यकीय निबंधांची सरकारी सूची मेडलाइन. तिच्यातही २००२ पूर्वीच्या नोंदींत लेखकाचे आडनाव आणि आद्याक्षरे एवढेच येत असे.

बरेच लेखक असले की आखडणे आणखी वाढते. स्टॅनफर्डच्या तीन किलोमीटर लांब यंत्रातून ४२ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने निघालेल्या इलेक्ट्रॉनांपैकी काहींची ऊर्जा अवघ्या ८५ सेंटिमीटर प्लाझ्मात दुप्पट झाली, हा प्रयोग २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. चंद्रशेखर जोशी त्याचे एक लेखक. पण संदर्भ देणारे लिहितात ‘ब्लूमेनफेल्ड व इतर’, आणि वाईचे जोशी ‘इतर’मध्ये जातात. या प्रथेची गंमत चार अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी केली. चौघेही गुडमन, एकमेकांचे कोणीही नाहीत. एकाच आडनावाच्या सहलेखकांवर चौघांनी मिळून निबंध लिहिला आणि तो २०१५ मध्ये ‘इकॉनॉमिक इन्क्वायरी’ या नियतकालिकात छापूनही आला. त्याचा संदर्भ ‘गुडमन व इतर’ असा दिला, तर ते इतरही गुडमनच.

ग्रंथपालाची विचारपूस

यावरचा सर्वांत जुना उपाय ग्रंथालयांचा. वॉशिंग्टनची लायब्ररी ऑफ काँग्रेस १९०१ पासून आपली छापील तालिकापत्रे इतर ग्रंथालयांना विकू लागली. एकच पत्र शेकडो ठिकाणी जाणार, म्हणजे त्यावरचे लेखकाचे नाव सगळीकडे एकाच रूपात असायला हवे. त्यासाठी अधिकृत नामसूची ठेवतात. तिचा नियम सोपा : एका माणसाचे एकच अधिकृत रूप आणि एका रूपामागे एकच माणूस.

नवे पुस्तक आले की तालिकाकार मुखपृष्ठामागचे शीर्षकपान पाहतो आणि नामसूचीत ते नाव शोधतो. सापडले, तर हा तोच का हे तपासतो. विषय जुळतो का? काळ जुळतो का? प्रस्तावनेत किंवा मलपृष्ठावर गाव, संस्था, आधीची पुस्तके यांचा उल्लेख आहे का? माणूस वेगळा निघाला, तर नव्या नोंदीत फरक दाखवणारी खूण घालतो. आद्याक्षरांच्या जागी पूर्ण नाव ही एक खूण, जन्मसाल ही दुसरी. आपली मराठी पद्धत इथे उपयोगी पडते. मधले नाव वडिलांचे असल्याने ‘त्र्यंबक’ आणि ‘दत्तात्रय’ एवढ्याने सुनंद आणि शिवराम वेगळे होतात.

दुसरे काम उलटे, एकाच माणसाची वेगवेगळी रूपे एकत्र बांधायचे. आनंदीबाईंचे मूळ नाव यमुना. माहेरचे आडनावही जोशीच, त्यामुळे लग्नानंतर नाव बदलले, आडनाव तेच राहिले. अमेरिकेत त्या आडनावाची रोमन अक्षरे शेवटी दोन ‘ई’ घालून लिहीत. कॅरोलिन डॉल यांनी १८८८ मध्ये बॉस्टनहून काढलेल्या त्यांच्या चरित्रात तर पहिले नावही ‘आनंदाबाई’ असे आहे. शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांचे नाव दिले आहे, तेही दोन ‘ई’ असलेल्या आडनावाचे. आजच्या प्रचलित रोमन लेखनानुसार शोधणाऱ्याला यातले काहीच सापडणार नाही. म्हणून नामसूचीत प्रत्येक पर्यायी रूपापाशी ‘अमुक नाव पाहा’ अशी सूचना असते. आता अनेक देशांच्या राष्ट्रीय ग्रंथालयांच्या नामसूची ओहायोतल्या ओसीएलसी या संस्थेने एका आंतरराष्ट्रीय सूचीत जोडल्या आहेत.

गणिताचे निबंध नोंदवणाऱ्या ‘मॅथेमॅटिकल रिव्ह्यूज’नेही १९४० मध्ये सुरू झाल्यापासून लेखकांची ओळख पटवण्याचे काम स्वतःच्या कर्मचाऱ्यांकडे ठेवले. एकाच विद्याशाखेपुरते हे जमते. वैद्यकात रोज येणाऱ्या निबंधांचा लोंढा माणसाच्या हातात मावत नाही.

संगणकाची विचारपूस

शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या वेटले टॉर्विक आणि नील स्मॉलहायझर यांनी २००५ पासून मेडलाइनसाठी एक पद्धत मांडली. तिचे टप्पे असे. आधी आडनाव आणि पहिले आद्याक्षर सारखे असलेले सगळे निबंध एका ढिगात घ्यायचे. मग त्या ढिगातल्या निबंधांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीला विचारायचे : लेखक एकच असण्याची शक्यता किती? ढिगात हजार निबंध असतील, तर जोड्या ४,९९,५०० होतात.

उत्तरासाठी पुरावे पाहतात : मधले आद्याक्षर, सहलेखक, संस्था, नियतकालिक, शीर्षकातले शब्द, विषयाच्या खुणा. प्रत्येकाचे वजन वेगळे. नाव दुर्मीळ असेल, तर थोड्या पुराव्यावरही ‘माणूस एकच’ असे म्हणता येते, जोशांसारख्या ढिगात मात्र पुरावा भक्कम लागतो. शेवटी गट पाडताना विसंगती दुरुस्त करायची. पहिला निबंध दुसऱ्याशी आणि दुसरा तिसऱ्याशी जुळतो, पण पहिला-तिसरा जुळत नाहीत, असे झाले तर कुठेतरी चूक आहे.

आपले पाच जोशी मेडलाइनमध्ये शोधायचे नाहीत, पण याच कसोट्या त्यांना लावल्या तर त्यांचे बळ आणि मर्यादा कळतात. रूडबर्गेन हे नाव दिसले, की शिवराम जोशी लगेच ओळखू येतात, कारण नेहमीचा सहलेखक ही मोठी खूण. सुनंद जोशी बहुतेक एकट्यानेच लिहितात, म्हणजे तो पुरावाच नाही, मग विषयावर भिस्त ठेवायची. चंद्रशेखर जोशींची संस्था आणि विषय दीर्घकाळ तेच, म्हणून काम सोपे. अरविंद जोशी अभियांत्रिकीतून भाषाशास्त्राकडे वळले. केवळ विषय पाहणारा संगणक त्यांचे दोन माणसांत तुकडे करील.

म्हणजे चूक दोन प्रकारची होते. दोन माणसे एकात मिसळतात किंवा एक माणूस दोघांत विभागला जातो. पहिली टाळण्यासाठी निकष कडक केले, की दुसरी वाढते. हा ताण कोणत्याच पद्धतीत पूर्ण सुटत नाही.

लेखकालाच क्रमांक

म्हणून तिसरा मार्ग निघाला : लेखकानेच सांगावे, हा मी. ऑर्किड ही ना-नफा संस्था ऑक्टोबर २०१२ पासून संशोधकांना विनामूल्य सोळा अंकी क्रमांक देते. निबंध पाठवताना तो द्यायचा. नाव, देश, नोकरी बदलली, तरी क्रमांक तोच राहतो. नमुन्यादाखल संस्था ००००-०००२-१८२५-००९७ हा क्रमांक दाखवते. तो जोसाया कार्बेरी यांचा. ब्राउन विद्यापीठात १९२९ पासून गमतीने चालत आलेले हे काल्पनिक प्राध्यापक फुटक्या मडक्यांचे तज्ज्ञ समजले जातात. ब्राउन हेच सुनंद जोशींचेही विद्यापीठ.

क्रमांकातला शेवटचा अंक पडताळणीचा असतो. डावीकडून एकेक अंक घ्यायचा, आधीच्या बेरजेत मिळवायचा आणि दुप्पट करायची. सुरुवातीच्या सात शून्यांनी काही होत नाही. मग २ चे ४, त्यात १ मिळवून दुप्पट १०, पुढे ८ घेऊन ३६, २ घेऊन ७६, ५ घेऊन १६२. दोन शून्यांनी ३२४ आणि ६४८. शेवटी ९ घेऊन १३१४. याला ११ ने भागले, तर बाकी ५ उरते. १२ मधून ५ गेले, उरले ७, आणि तोच सोळावा अंक. उत्तर १० आले तर तिथे रोमन ‘एक्स’ लिहितात, ११ किंवा १२ आले तर त्यातून ११ वजा करतात. टंकताना १८ चे ८१ झाले, तर बेरीज १७६२ होते, बाकी २ उरते आणि उत्तर ७ ऐवजी ‘एक्स’ येते. चूक तिथेच पकडली जाते.

पण क्रमांक बरोबर आहे, एवढेच हे गणित सांगते. त्याखाली नोंदवलेले काम खरोखर त्याच माणसाचे आहे का, हे सांगत नाही. शिवाय क्रमांक जिवंत माणसाने स्वतः घ्यायचा असतो. आनंदीबाई १८८७ मध्ये गेल्या, अरविंद जोशी २०१७ मध्ये. त्यांच्यासाठी ग्रंथपालांची नामसूचीच कामाची. तिन्ही पद्धती एकमेकींना पूरक आहेत त्या अशा.

अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या जोशी, कुलकर्णी, पाटील मंडळींनी यातून घेण्यासारखे बरेच आहे. पहिला निबंध पाठवण्यापूर्वीच नावाचे रोमन लेखन ठरवावे आणि ते बदलू नये. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर गाळू नये. लग्नानंतर नाव बदलायचा विचार असेल, तर ऑर्किड क्रमांक आधीच घ्यावा आणि त्याखाली दोन्ही नावे नोंदवावीत. कुणा जोशींच्या संशोधनाची यादी वाचणाऱ्याने तिच्यातली सहलेखकांची नावे, संस्था आणि साले एकदा नजरेखालून घालावीत. एकाच ‘जोशी, ए.’च्या नावावर १८८६ चे प्रसूतिशास्त्र आणि १९७५ चे वृक्षव्याकरण दिसले, तर ती यादी दोघांची आहे.