सभागृहात कोण आलं नाही? ज्येष्ठांच्या आरोग्य जागृती कार्यक्रमावर संशोधन करताना



सप्टेंबर संपत आला की नागपुरात ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या कार्यक्रमांची गर्दी सुरू होते. २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन आणि १ ऑक्टोबर हा ज्येष्ठ नागरिक दिन. कार्यक्रमाची पद्धत आपल्या सगळ्यांना पाठ आहे. सकाळी बीपी आणि शुगरची तपासणी, मग डॉक्टरांचं व्याख्यान, थोडी प्रश्नोत्तरं, आभार आणि चहा-नाश्ता. समाजकार्य, समाजशास्त्र, गृहविज्ञान, नर्सिंग, कम्युनिटी मेडिसिन अशा बऱ्याच विषयांचे विद्यार्थी यावर सिनॉप्सिस करायचा विचार करतात. शीर्षक साधारण असं असतं: "नागपूर शहरातील ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या आरोग्य जागृती कार्यक्रमांच्या परिणामकारकतेचा अभ्यास."

विषय चांगलाच आहे. अडचण येते ती "परिणामकारकता" या शब्दात. परिणाम कशावर? कोणावर? किती दिवसांनी मोजला? संशोधन समितीसमोर हेच तीन प्रश्न येतात आणि उत्तर तयार नसेल तर विषय तिथेच अडकतो. आजच्या लेखात हे तीन प्रश्न सोडवून बघू.

आधी आकडे, आणि आकड्यांची मर्यादा

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षांवरील लोक सुमारे १०.४ कोटी होते, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के होतं. ज्येष्ठांच्या आरोग्यावरचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा अभ्यास म्हणजे लासी. मुंबईच्या आयआयपीएस संस्थेने त्याची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये केली. ४५ वर्षांवरील सुमारे ७२ हजार लोक त्यात होते. त्याच अभ्यासाच्या स्मृतिभ्रंशावरील भागातून ६० वर्षांवरील लोकांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोक, असा अंदाज निघाला. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे.

आता या लोकांचं घरी कोण करतं? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात दिसतं की घरातल्यांची बिनपगारी काळजी घेण्याचं काम दिवसभरात २७.६ टक्के स्त्रिया करतात आणि १४ टक्के पुरुष. जे करतात त्यांच्यात स्त्रियांचा सरासरी वेळ १३४ मिनिटं, पुरुषांचा ७६ मिनिटं. पण जपून! या आकड्यात लहान मुलांची काळजीसुद्धा धरलेली आहे. "ज्येष्ठांची काळजी घेण्यात स्त्रिया १३४ मिनिटं घालवतात" असं लिहिलंत, तर परीक्षक बरोबर पकडतील. कोणताही आकडा घेताना त्यात काय काय मोजलंय हे आधी बघायचं.

कोणावर? म्हणजे सभागृहात कोण आलं

समजा तुम्ही एका कार्यक्रमात १०० जणांना प्रश्नावली दिली. हे १०० जण कोण? जे चालू शकतात, रिक्षाने किंवा बसने येऊ शकतात, दोन तास बसू शकतात आणि घरी ज्यांच्यावाचून काही अडत नाही असे लोक. बरेचसे निवृत्त, थोडे शिकलेले, एखाद्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे सदस्य. त्यांनी यायलाच हवं, त्यात काही चूक नाही.

पण ज्या घरात सासरे अंथरुणाला खिळलेले आहेत, त्या घरातली सून सकाळी ११ वाजता सभागृहात येईल का? आली तर तेवढा वेळ घरी कोण थांबेल? ज्या आजींना विसरभोळेपणामुळे एकटं सोडता येत नाही, त्यांचे आजोबा कसे येतील? म्हणजे "कुटुंबातील शुश्रूषा" या विषयावरच्या व्याख्यानाला प्रत्यक्ष शुश्रूषा करणारा माणूसच नेमका गैरहजर असतो. याला संशोधनाच्या भाषेत निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. तुमचा नमुना आधीच गाळून आलेला आहे, आणि ज्या कारणाने तो गाळला गेला तोच तुमच्या अभ्यासाचा विषय आहे. नमुना १०० चा ५०० केला तरी हा दोष जात नाही.

इथे शब्दांचीही गंमत आहे. प्रश्नावलीत आपण लिहितो, "आपण काळजीवाहक आहात का?" बहुतेक घरांत याचं उत्तर "नाही" येईल. कारण कोणी स्वतःला काळजीवाहक म्हणवत नाही. ती म्हणते, "सासूबाईंचं सगळं मीच करून राहिली." तिच्या मते हे घरकामच आहे. म्हणून असं विचारा: घरात कोणाला आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, उठणं-बसणं, जेवण यात मदत लागते का? लघवी-संडासवर ताबा राहतो का? मदत कोण करतं? रात्री कोण उठतं? दवाखान्यात कोण नेतं? पहिले दोन प्रश्न १९६३ च्या काट्झ निर्देशांकातल्या सहा गोष्टींवरच आधारलेले आहेत, फक्त आपल्या बोलीत. पुढच्या तीन प्रश्नांतून खरा काळजी घेणारा माणूस सापडतो.

कशावर? माहिती वाढली की भार हलका झाला

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाचं मूल्यमापन करायच्या चार पायऱ्या मांडल्या. आपल्या विषयाला लावून बघा:

१. प्रतिक्रिया: कार्यक्रम आवडला का?
२. शिकणं: माहिती वाढली का?
३. वर्तन: घरी जाऊन काही वेगळं केलं का?
४. फळ: रुग्णाची आणि काळजी घेणाऱ्याची स्थिती सुधारली का?

आपले बहुतेक प्रबंध पहिल्या-दुसऱ्या पायरीवर थांबतात. व्याख्यानाआधी २० प्रश्न, नंतर तेच २० प्रश्न, मग टी-टेस्ट, आणि "फरक लक्षणीय आढळला". आत्ताच ऐकलेलं अर्ध्या तासाने आठवलं, यात नवल काय? "स्मृतिभ्रंश हा आजार आहे" हे कळलेल्या मुलीला रात्री दोनदा उठावं लागतंच. ती किती थकते, तिची झोप होते का, तिला कोणी दोन तास सुट्टी देतं का, हे चौथ्या पायरीचे प्रश्न आहेत. हा भार मोजायला झारिट यांची २२ प्रश्नांची मापनश्रेणी वापरतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, म्हणजे एकूण ० ते ८८. मराठी आवृत्ती घ्याल तेव्हा ती कोणत्या लोकांवर तपासली गेली ते वाचा, आणि वापरायची परवानगीही घ्या.

गोव्यातला प्रयोग

नुसती माहिती आणि घरी जाऊन केलेली मदत यांची तुलना आपल्या शेजारी गोव्यात झालेली आहे. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००८ मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात आला. डिमेन्शिया असलेल्या व्यक्तींची ८१ कुटुंबं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटली. एका गटात प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते सहा महिने घरी जात राहिले. आजार समजावून सांगणं, आंघोळ-जेवणाच्या युक्त्या, चिडचिड कशी हाताळायची, सरकारी योजनांची माहिती, आणि गरज पडली तर डॉक्टर. दुसऱ्या गटाला फक्त आजाराची माहिती दिली आणि तीच मदत सहा महिन्यांनी देऊ असं सांगितलं.

काय आढळलं? घरी मदत मिळालेल्या गटात काळजी घेणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं. रुग्णाच्या वागण्यामुळे होणारा त्रासही कमी झाला. हे दोन्ही फरक सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय होते. झारिटचे गुणही घटले, पण तो फरक लक्षणीय ठरला नाही. संशोधकांनी हेही स्पष्ट लिहिलं.

आपल्यासाठी यात तीन धडे आहेत. एक, फक्त माहिती मिळालेला गट म्हणजे जवळपास आपला सभागृहातला कार्यक्रम. तुलना त्याच्याशीच करायची असते. दोन, प्रतीक्षा यादीमुळे कोणीही कायमचं वंचित राहत नाही, त्यामुळे एथिक्स कमिटीसमोर बाजू मांडणं सोपं जातं. तीन, ८१ पैकी शेवटपर्यंत ५९ च उरले, मुख्यतः सहा महिन्यांत १८ रुग्णांचा मृत्यू झाल्यामुळे. या विषयात गळती म्हणजे बऱ्याचदा मृत्यू. नमुना ठरवताना हे धरून चला, आणि पुढचा फोन कसा करायचा याचीही मनाची तयारी ठेवा.

मग कार्यक्रम निरुपयोगी का?

अजिबात नाही. कार्यक्रम हे दार आहे. सभागृहात आलेल्या आजोबांना शेजारचं घर माहीत असतं. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन, आई-वडिलांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा, त्याखालचं न्यायाधिकरण, सरकारी रुग्णालयातली सोय, ही माहिती तिथूनच पसरते. म्हणून मोजायचं ते हे: या एका कार्यक्रमातून किती नव्या घरांपर्यंत पोचलो?

सिनॉप्सिससाठी एक साधा आराखडा देतो:

- दोन याद्या करा. एक कार्यक्रमाला आलेल्यांची, दुसरी आशाताई आणि मंडळाच्या सदस्यांच्या मदतीने, न येऊ शकलेल्या घरांची. दुसऱ्या यादीतल्या घरी आधी त्यांनी विचारून घ्यावं, होकार आला तरच आपण जायचं.
- दोन्हीकडे काळजी घेणाऱ्याचीच मुलाखत घ्या, तिच्या सोयीच्या वेळी. दुपारी रुग्ण झोपल्यावर ती जरा मोकळी असते.
- मुलाखत सासूसमोर किंवा नवऱ्यासमोर नको. खरं उत्तर मिळणार नाही, आणि तिला नंतर त्रास होऊ शकतो.
- मोजमाप त्याच दिवशी संपवू नका. एक महिन्याने आणि तीन महिन्यांनी परत विचारा.
- रुग्णाला संमती समजत नसेल तर काय करायचं, हे आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत वाचून ठेवा.
- घरभेटी एप्रिल-मे मध्ये ठेवू नका. नागपूरच्या उन्हात तुमचेही हाल आणि त्यांचेही.

शीर्षकही मग बदलेल. "परिणामकारकतेचा अभ्यास" ऐवजी "जागृती कार्यक्रमाला उपस्थित व अनुपस्थित कुटुंबांतील काळजी घेणाऱ्यांच्या भाराचा तुलनात्मक अभ्यास" असं काहीतरी. समिती विचारेल, कशावर? भारावर. कोणावर? काळजी घेणाऱ्यांवर. किती दिवसांनी? एक आणि तीन महिन्यांनी. आणखी एक प्रश्न येऊ शकतो: फरक कार्यक्रमामुळेच पडला कशावरून? तसा दावा या आराखड्यातून करता येत नाही, कारण दोन्ही घरं मुळातच वेगळी आहेत. तो करायचा असेल तर गोव्यासारखी चिठ्ठ्यांची वाटणी लागेल. हे सिनॉप्सिसमध्येच मर्यादा म्हणून लिहून टाका.

तुमचा विषय यातला असेल तर या प्रश्नांची उत्तरं आधी एका कागदावर लिहून बघा. मग गाईडकडे जा.